चर्चच्या सेमी-इंग्रजी हायस्कूलमध्ये मुलांना घालताना : पालकांनी काय पाहावे, काय विचारावे

महाराष्ट्रात चर्चच्या शाळा म्हटल्या की मुंबई-पुण्यातील दगडी इमारतींच्या, इंग्रजी माध्यमाच्या जुन्या शाळा अनेकांच्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात मिशनच्या शिक्षणकार्याचा फार मोठा भाग मराठीतून झाला. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शाळा सुरू केल्या, १८३१ मध्ये अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आपले केंद्र उभारले, आणि पुढे तेथेच सिंथिया फॅरार यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले. वसईच्या पट्ट्यात तर ख्रिस्ती समाजाची घरची बोलीच मराठीच्या कुळातली. त्यामुळे तेथील चर्चच्या शाळा मराठी असणे हे ओघानेच आले. आज यांपैकी अनेक शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून आणि मराठी प्रथम भाषा, अशी ही रचना असते. पाचवीला किंवा आठवीला मुलांना अशा शाळेत घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांसाठी हे लिहीत आहे.

निकालाचा फलक, शिस्तीची ख्याती आणि ‘फादर-सिस्टर लक्ष देतात’ ही गावातली खात्री एवढ्यावर बहुतेक प्रवेश ठरतात. ही खात्री पुष्कळदा खरीही असते. तरीही अर्ज भरण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन : शाळा नेमकी कोणाच्या मालकीची आहे, आणि आठवीच्या गणिताच्या तासाला वर्गात प्रत्यक्षात कोणती भाषा बोलली जाते. बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या दोन उत्तरांतूनच निघतात.

शाळा कोणाची

‘चर्चची शाळा’ हे वर्णन अपुरे आहे. कॅथलिक शाळांत दोन प्रमुख प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात शाळा धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपांच्या अधिकारक्षेत्राची असते. संस्थेचे अध्यक्षपद सामान्यतः बिशपांकडे असते आणि स्थानिक धर्मग्रामाचे (पॅरिशचे) प्रमुख धर्मगुरू शाळेचे व्यवस्थापक म्हणून काम पाहतात. मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वेगळा झालेला वसई धर्मप्रांत, १९८७ मध्ये स्थापन झालेला नाशिक धर्मप्रांत, तसेच पुणे आणि औरंगाबाद हे धर्मप्रांत अशा शाळांच्या पाठीशी आहेत. दुसऱ्या प्रकारात शाळा एखाद्या धर्मसंघाची असते, मग तो येशूसंघ (जेझुइट) असेल, डॉन बॉस्को शाळा चालवणारा सालेशियन संघ असेल किंवा सिस्टरांचा एखादा संघ असेल. तेथे अंतिम शब्द त्या संघाच्या प्रांतप्रमुखांचा असतो आणि बिशपांचा दैनंदिन कारभाराशी फारसा संबंध नसतो. प्रॉटेस्टंट शाळांमध्ये नागपूर येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाशी जोडलेल्या संस्था, मेथडिस्ट चर्च, मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) अशी वेगवेगळी व्यवस्थापने आहेत.

पालकांना याच्याशी काय देणेघेणे, असे वाटू शकते. देणेघेणे आहे, कारण शाळेचा स्वभाव मुख्याध्यापक ठरवतात आणि मुख्याध्यापक मालक संस्था ठरवते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७चा महाराष्ट्राचा कायदा अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या नेमणुकीला लागू होत नाही. म्हणून ज्येष्ठतेची यादी बाजूला ठेवून संस्था आपल्या पसंतीच्या फादरांना, सिस्टरांना किंवा शिक्षकांना त्या पदावर नेमू शकते. शिवाय धर्मगुरू आणि सिस्टर यांच्या बदल्या होत असतात, आणि त्या बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत होतात. एखाद्या मुख्याध्यापकांच्या कीर्तीवर विसंबून मुलीला पाचवीत घातले आणि ती सातवीत जाईपर्यंत ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले, असे सहज घडू शकते. तेव्हा सध्याच्या प्रमुखांविषयी चौकशी करताना त्यांच्याआधी कोण होते आणि त्यांच्या काळात शाळा कशी चालत होती, हेही माजी विद्यार्थ्यांच्या पालकांकडून जाणून घ्यावे. प्रमुख बदलल्यावरही शाळेची घडी टिकली असेल, तर ती शाळा विश्वासास पात्र आहे.

यानंतर शाळेची मान्यता पाहावी. प्रत्येक शाळेला यू-डायस या शासकीय शालेय माहिती प्रणालीतील अकरा अंकी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. त्या क्रमांकावरून केंद्र शासनाच्या यू-डायस संकेतस्थळावर शाळेचे व्यवस्थापन, माध्यम आणि शिक्षकसंख्या पाहता येते. कार्यालयात जाऊन मात्र आणखी एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा : ज्या तुकडीत माझ्या मुलाला प्रवेश मिळणार आहे, ती तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे शासनाच्या अनुदानाशिवाय चालणारी? एकाच आवारात, एकाच घंटेवर अनुदानित मराठी शाळा आणि २०१२च्या कायद्याखाली मान्यता घेतलेली स्वयंअर्थसहाय्यित शाळा शेजारी शेजारी चालताना दिसतात. गणवेशही पुष्कळदा एकच असतो. फरक शुल्कात पडतोच, पण तो शिष्यवृत्तीतही पडतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा (एनएमएमएस) ही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये देणारी ही शिष्यवृत्ती विनाअनुदानित तुकडीतील मुलाला मिळू शकत नाही, मग तो कितीही हुशार असो आणि घरची परिस्थिती कितीही बेताची असो.

प्रवेशाचे नियम

शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची सोडत या शाळांना लागू नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ च्या निकालात अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन्ही प्रकारच्या अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्याची भूमिका घेतली आहे. त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी नियम काय आहे, याची खात्री शिक्षणाधिकारी कार्यालयात करून घ्यावी.

शाळा ख्रिस्ती मुलांना प्राधान्य देते, याचा अर्थ इतरांना दार बंद असते, असा नाही. शासनाकडून निधी घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही, असे अनुच्छेद २९(२) सांगतो. टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणातील २००२च्या निकालाने अनुच्छेद ३०(१) आणि २९(२) यांचा मेळ घालताना, अनुदानित अल्पसंख्याक संस्थेने आपल्या समाजाबरोबरच इतर समाजांतील मुलांनाही वाजवी प्रमाणात सामावून घ्यावे, असे सांगितले. प्रत्यक्षात ग्रामीण भागातील अशा शाळांच्या वर्गांत ख्रिस्तेतर मुलेच अनेकदा बहुसंख्य असतात. प्राधान्याचा क्रम कसा आहे, म्हणजे त्या धर्मग्रामातील मुले, भावंडे, माजी विद्यार्थ्यांची मुले आणि नंतर इतर, असा काही आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार कार्ड, मागील इयत्तेचे प्रगतिपत्रक आणि लागू असल्यास जातीचा दाखला लागतो. ख्रिस्ती कुटुंबांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि बहुधा धर्मगुरूंचे पत्रही मागतात. दाखल्यावरील नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव प्रवेशापूर्वीच बारकाईने तपासावे, कारण हीच नोंद पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते आणि नंतरची दुरुस्ती फार त्रासाची असते. जुन्या शाळेने यू-डायस प्रणालीतून मुलाची नोंद नव्या शाळेकडे ऑनलाइन पाठवली की नाही, याचाही पाठपुरावा करावा.

वर्गातली भाषा

आता खऱ्या विषयाकडे येतो. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा साधारणपणे ६०० गुणांची असते. सेमी-इंग्रजीच्या विद्यार्थ्याला त्यांपैकी गणिताचे १०० आणि विज्ञानाचे १०० गुण इंग्रजीतून मिळवायचे असतात. त्यात इंग्रजी विषयाचे १०० गुण जोडले, तर निम्मी परीक्षा इंग्रजीत आणि उरलेली निम्मी प्रामुख्याने मराठी, हिंदी अशा भारतीय भाषांत, असा हिशेब होतो. म्हणजे नावात ‘सेमी’ असले तरी दोन्ही भाषांवर सारखीच पकड लागते. एका भाषेला दुय्यम लेखणारी शाळा मुलाचे अर्धे शिक्षण कच्चे ठेवते.

सेमी-इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून सुरू होते, हे प्रथम विचारावे. काही शाळा पहिलीपासून, काही पाचवीपासून, तर काही आठवीपासून ते सुरू करतात. पाचवीपासूनचा मार्ग मला अधिक सयुक्तिक वाटतो, कारण त्या वयात गणितातील इंग्रजी शब्द थोडे आणि सोपे असतात, आणि वाक्ये वाचण्याची सवय लागायला तीन वर्षे हाताशी असतात. आठवीपासून सुरू होत असेल, तर शाळा सातवीच्या सुटीत किंवा आठवीच्या पहिल्या महिन्यात पूर्वतयारीचे वर्ग घेते का, हे पाहावे. मराठीतून ‘बहुपदी’, ‘त्रिज्या’, ‘घनता’ शिकलेल्या मुलासमोर जूनमध्ये अचानक बालभारतीचे इंग्रजी पुस्तक आले, तर त्याला विषय अवघड गेला की भाषा अवघड गेली, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. पालक मग शिकवणी लावतात, आणि मूळ अडचण तशीच राहते.

वर्गात बसून तास पाहण्याची परवानगी सहसा मिळत नाही. त्याऐवजी त्याच शाळेत नववीत शिकणाऱ्या, ओळखीच्या एखाद्या मुलाची विज्ञानाची वही मागून घ्यावी. शाळेच्या माहितीपत्रकातून जे कळत नाही, ते या वहीतून कळते. प्रत्येक धड्याखाली फळ्यावरून उतरवलेली तीच ती उत्तरे दिसत असतील, आकृत्यांना नावे अचूक पण ‘कारण द्या’ या प्रश्नाचे उत्तर सगळ्या मुलांच्या वह्यांत अक्षरशः सारखे असेल, तर तेथे विज्ञान पाठ करून घेतले जात आहे. उलट उत्तरांची इंग्रजी वाक्ये मोडकी असली, पण ती मुलाची स्वतःची असली आणि शिक्षकांनी लाल पेनने ती सुधारून दिली असली, तर त्या वर्गात शिकणे चालू आहे, असे समजावे. गणिताच्या वहीत शाब्दिक उदाहरणे किती सोडवली आहेत, तेही पाहावे. इंग्रजी वाक्य वाचून समीकरण मांडणे हीच सेमी-इंग्रजीची खरी कसोटी असते, आणि नेमकी हीच उदाहरणे वेळेअभावी गाळली जातात.

शिक्षकांशी बोलण्याची संधी मिळाली, तर तासाला समजावून सांगताना ते कोणती भाषा वापरतात, असे सरळ विचारावे. ‘आम्ही पूर्ण इंग्रजीतच शिकवतो’ या उत्तराने भारावून जाऊ नये. संकल्पना मराठीतून उलगडून सांगणे, मग त्यासाठीची इंग्रजी संज्ञा देणे, आणि शेवटी मुलांकडून इंग्रजीत बोलून व लिहून घेणे ही रीत संथ वाटली तरी तीच मुलांना पेलते. यातला शेवटचा टप्पा राहून जातो, तेथे घोटाळा होतो. तास सगळा मराठीत आणि परीक्षेच्या आधी इंग्रजी उत्तरांचे पाठांतर, हा प्रकार अनेक सेमी-इंग्रजी वर्गांत चालतो, आणि त्याचे परिणाम अकरावीला विज्ञान शाखेत, जेथे अध्यापन सर्रास इंग्रजीत होते, उघड होतात.

मराठीकडे शाळा कसे पाहते, हे तितक्याच गांभीर्याने तपासावे. दहावीच्या वर्षी मराठीचे तास गणिताच्या जादा तासांना दिले जातात का? निबंध तपासून परत मिळतात का, की केवळ बरोबरची खूण असते? ग्रंथालयात गेल्या वर्षी कोणती मराठी पुस्तके घेतली, असे ग्रंथपालांना विचारले तर उत्तर मिळते का? इतिहास आणि भूगोल मराठीतून शिकवले जातात, हे या शाळांचे मोठे बळ आहे, कारण दीर्घ विचार सलग लिहून काढण्याचा सराव मुलाला तेथेच होतो. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. चर्चच्या पूर्ण इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा विचार करणाऱ्यांनीही हे प्रश्न विचारावेत, कारण तेथेही मुलाचे शिक्षण दोन भाषांतूनच व्हायचे असते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वसईत सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल, पालघरकडे वारली बोलणारे मूल, मराठवाड्यातून ऊसतोडीला फिरणाऱ्या कुटुंबातील मूल यांच्यासाठी शाळेची प्रमाण मराठी हीदेखील नवीच भाषा असते. त्यांना खरे तर तीन भाषा सांभाळाव्या लागतात. घरच्या बोलीतला शब्द मुलाने वर्गात उच्चारला तर शिक्षक हसतात की तो शब्द समजून घेतात, यावर त्या मुलाचे पुढचे बोलणे अवलंबून असते. मिशनच्या शाळांची जुनी परंपरा लोकांची भाषा शिकून घेण्याची आहे. ती परंपरा त्या विशिष्ट शाळेत जिवंत आहे का, हे शाळेतील मुलांशी पाच मिनिटे बोलले तरी कळते.

सर्वच मुलांसाठी सेमी-इंग्रजी योग्य असते, असे मी मानत नाही. ज्याला कला किंवा वाणिज्य शाखेकडे जायचे आहे, किंवा ज्याचे मराठी वाचनच अजून अडखळते आहे, त्याला पूर्ण मराठी तुकडी अधिक मानवते. तशी तुकडी त्याच शाळेत असेल, तर तिला कमी दर्जाची समजू नये, आणि शाळाही तसे समजत नाही ना, हे दोन्ही तुकड्यांना कोणते शिक्षक दिले आहेत त्यावरून ताडावे.

प्रार्थना आणि धर्मशिक्षण

ख्रिस्तेतर पालकांच्या मनात हा प्रश्न असतो, पण तो विचारला जात नाही, आणि न विचारल्यामुळे पुढे गैरसमज वाढतात. शासनमान्य किंवा शासनाकडून निधी मिळणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना यांत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते, असे अनुच्छेद २८(३) मध्ये स्पष्ट आहे. भारतातील कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण कार्यालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, असे सांगितले आहे. बहुतेक शाळांत ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असताना इतर मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. हे वेळापत्रक प्रवेशाच्या वेळीच पाहून घ्यावे, आणि काही आक्षेप असेल तर तो सौम्य भाषेत, लेखी कळवावा. नाताळच्या कार्यक्रमात आनंदाने सहभागी होणे आणि उपासनेत भाग घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलालाही समजेल अशा शब्दांत घरी सांगून ठेवावे.

शुल्क, सुरक्षितता, तक्रार

अनुदानित तुकडीत शिक्षकांचे वेतन शासन देते, त्यामुळे शुल्क नाममात्र असते. विनाअनुदानित तुकडीचे शुल्क २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडून ठरवावे लागते. ते ठरल्याचे इतिवृत्त पाहायला मागावे. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेणे १९८७च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि ‘इमारत निधी’ असे नाव दिल्याने त्यात काही बदल होत नाही. स्वेच्छेने दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

सुरक्षिततेबाबत सखी सावित्री समिती आहे का, तक्रारपेटी कोण उघडते आणि वसतिगृह असल्यास रात्री तेथे कोण राहते, हे विचारावे. साधी तक्रार असेल तर वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, व्यवस्थापक आणि मग मालक संस्था, म्हणजे धर्मप्रांताचे शिक्षण मंडळ किंवा धर्मसंघाचे प्रांतप्रमुख, अशा क्रमाने जावे. तेथेही दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), आणि मुंबईत शिक्षण निरीक्षक. परंतु मुलाच्या लैंगिक शोषणाची शंका असेल, तर हा क्रम लागू होत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि संस्थेची अंतर्गत चौकशी हा त्याला पर्याय नाही. संस्थेचा मान राखण्यासाठी थांबण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी थांबू नये.

प्रवेशानंतर

पहिल्या सहामाहीत गुणांकडे फार पाहू नये. रोज संध्याकाळी विज्ञानाचा एक परिच्छेद मुलाने मोठ्याने इंग्रजीत वाचावा आणि त्याचा आशय आईवडिलांना मराठीत सांगावा, एवढे पुरेसे आहे. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी काही अडत नाही. उलट त्यांना समजेल असे सांगताना मुलाचीच समज पक्की होते. सहामाहीनंतरही मूल आशय सांगू शकत नसेल, तर विषयशिक्षकांना भेटावे, आणि माध्यम बदलायचे झाल्यास तो निर्णय नववी सुरू होण्यापूर्वी घ्यावा, कारण नववी-दहावीचा अभ्यासक्रम एकमेकांत गुंतलेला असतो.

दहावीच्या वर्षी मंडळाचे आवेदनपत्र भरले जाते आणि त्यानंतर पडताळणीसाठी शाळेत प्री-लिस्ट येते. तिच्यावर मुलाची सही घेतली जाते. त्या दिवशी नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख यांच्याबरोबरच गणित व विज्ञान या विषयांपुढे माध्यम इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रांपुढे मराठी अशी नोंद आहे ना, हे मुलाने स्वतः वाचून पाहावे, आणि चूक दिसल्यास सही करण्याआधीच ती वर्गशिक्षकांच्या नजरेस आणून द्यावी.